रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर मधेच बंद पडतो तेव्हा

(सामुदायिक रेडिओच्या दुपारच्या कार्यक्रमात बचत गटांच्या बहिणींसाठी झालेलं भाषण)

जेवणं आटोपली असतील. भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ. आज मी तुमच्याशी पापड-कुरडयांवर बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्यांवरही नाही. आज बोलायचं आहे कॉम्प्युटरबद्दल. काम करता करता जो आपोआप बंद पडतो आणि आपोआपच पुन्हा चालू होतो, त्या कॉम्प्युटरबद्दल.

तुम्ही म्हणाल, हे तर पोरांचं काम. आम्हीही असंच म्हणायचो. पण आमच्या गटाचं या एका गोष्टीपायी मोठं नुकसान झालं. पैशाचं झालं असतं तर भरून काढलं असतं, हे भरून आलं नाही. म्हणून जे झालं ते सगळं सांगते, आणि नंतर आम्ही काय शिकलो तेही सांगते. तुमच्या गटात रेकॉर्डिंग होत नसेल, पण हिशेबाचा कॉम्प्युटर असेल, नाहीतर घरात पोरीच्या अभ्यासाचा असेल. बंद पडायची कारणं सगळीकडे तीच असतात.

आमचं गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं. गटात आम्ही अकरा जणी. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की गावातल्या म्हाताऱ्या बायांची गाणी आपण या रेडिओसाठी रेकॉर्ड करायची. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, आखाजीची गाणी. जुना कॉम्प्युटर विकत घेतला, एक माईक घेतला, आणि माईक कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी घेतली, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आवाज कापायचं आणि जोडायचं काम ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर करायचो. माझ्या जाऊबाईंची मागची खोली रिकामी होती. पूर्वी तिथे वेचणीचा कापूस साठवायचे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या. झाला आमचा स्टुडिओ.

आखाजीचा सण. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? आमच्या गल्लीत ऐंशीच्या पुढच्या एक आत्या आहेत. सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं. त्यांना आखाजीची अशी गाणी येतात, जी आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत. त्या एक ओळ म्हणायच्या आणि त्यांची मैत्रीण, तीही सत्तरीच्या पुढची, दुसरी ओळ उचलायची. दोघींना आम्ही खोलीत बसवलं. बाहेरचा आवाज नको म्हणून दार-खिडकी बंद. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. बाहेर पारा ४५च्या आसपास.

चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग चाललं. पाचवं गाणं निम्म्यावर आलं होतं. आणि स्क्रीन एकदम काळी झाली. मिनिटभराने कॉम्प्युटर आपला आपण चालू झाला, जणू काही झालंच नाही.

आत्या म्हणाल्या, "मनं गानं कथा गयं वं माय?"

मी घाबरले. ऑडॅसिटी पुन्हा उघडलं, तर समोर इंग्रजीत एक चौकट आली. दोन-तीन बटनं होती. मला वाटलं बिघाडाचा संदेश आहे, तो घालवून टाकावा. घाईत एक बटन दाबलं. चौकट गेली आणि तिच्याबरोबर गाणीही गेली.

ती चौकट काय होती ते मला दोन महिन्यांनी कळलं. कॉम्प्युटर अचानक बंद पडला तरी ऑडॅसिटी तोवरचा आवाज बाजूला सांभाळून ठेवतं. पुन्हा उघडलं की ते विचारतं, हा आवाज परत आणू की टाकून देऊ? परत आणायच्या बटनावर 'रिकव्हर' लिहिलेलं असतं आणि टाकून द्यायच्या बटनावर 'डिस्कार्ड'. मी डिस्कार्ड दाबलं होतं. मशीनने गाणी सांभाळली होती, बहिणींनो. टाकून दिली ती मी.

म्हणून आजची पहिली गोष्ट हीच सांगते. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला की समोर काही विचारणारी चौकट आली तर हात मागे घ्या. मोबाईलवर तिचा फोटो काढा. वाचता येईल अशा कुणाला तरी दाखवा. तोवर कशालाही हात लावू नका. ती चौकट घाई करत नाही, तासभर थांबते. घाई आपल्याला असते.

पुढे काय झालं ते सांगते. त्यानंतर आठवड्यात कॉम्प्युटर चार-पाच वेळा असाच बंद पडला. घरातली माणसं म्हणाली, बायांनी हात लावला की असंच होणार. तालुक्याच्या एका दुकानात नेला. त्यांनी आतली एक पट्टी बदलली, रॅम म्हणतात तिला. अठराशे रुपये घेतले. घरी आणला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात नेला तर ते म्हणाले, मदरबोर्ड गेला, हा टाका आणि नवीन घ्या, अडतीस हजार लागतील. अडतीस हजार! आमच्या गटाची दोन वर्षांची बचत तेवढी नव्हती. गंमत म्हणजे दोन्ही दुकानांत तो दिवसभर चालू राहिला, एकदाही बंद पडला नाही.

महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला. कुणी म्हणालं विकून टाका, कुणी म्हणालं कर्ज काढा. तेव्हा आमच्या हिशेब लिहिणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "दुकानात बंद पडत नाही आणि घरी पडतो. मग बिघाड मशीनमध्ये आहे की घरात? आपण हप्त्याची वही ठेवतो तशी याचीही वही ठेवू. कधी बंद पडतो ते लिहू. मग बघू."

वहीची गोष्ट इथून सुरू झाली. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. पहिल्यात तारीख आणि वेळ. दुसऱ्यात, बंद पडायच्या आधी किती वेळ चालू होता. तिसऱ्यात, त्यावर काय काम चाललं होतं. चौथ्यात, त्या वेळी घरात किंवा गल्लीत काय सुरू झालं, म्हणजे कूलर, मिक्सर, चक्की, लाईट डीम होणं. पाचव्यात, बंद पडताना स्क्रीनवर काय दिसलं. सहाव्यात, डबा हाताला गरम लागला का.

पाचवा रकाना फार कामाचा आहे, तो नीट समजून घ्या. कॉम्प्युटर तीन तऱ्हेने बंद पडतो. एक, प्लग उपटल्यासारखी स्क्रीन क्षणात काळी होते, काही संदेश नाही. अशा वेळी पहिला संशय लाईटवर, उष्णतेवर, नाहीतर डब्यातल्या वीजपेटीवर घ्यायचा. दोन, आधी निळी स्क्रीन येते, तिच्यावर काही लिहिलेलं असतं आणि मग बंद पडतो. तिथे संशय रॅमवर, हार्ड डिस्कवर, नाहीतर माईकच्या पेटीसारखी जोडलेली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तीन, अपडेट चाललंय असं सांगत टक्के मोजत बंद होतो आणि चालू होतो. तो बिघाड नाही. तो कॉम्प्युटरने स्वतःहून काढलेला मुहूर्त आहे.

पंधरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. बैठकीत वही मधोमध ठेवली आणि सगळ्या जणी वाकून बघू लागल्या. ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्यांनाही दिसलं. नऊपैकी सहा नोंदी दुपारी बारा ते चारमधल्या, रेकॉर्डिंग सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावरच्या, आणि सहाही वेळा डबा गरम. दोन नोंदी संध्याकाळच्या, तेव्हा डबा थंड होता. आणि एक रात्रीची, तिच्यात टक्के दिसले होते. म्हणजे दुखणं एक नव्हतंच. तीन होती. दुकानदार एकच औषध शोधत होते.

आधी सहा नोंदींचं सांगते. आमच्या एका मावशींनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, याला तर तुम्ही गोधडीत गुंडाळलंय!" खरंच होतं. डब्यातल्या पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून आम्ही डबा टेबलाखाली सरकवला होता आणि पुढून-मागून गोधडी सोडली होती. वैशाखातली दुपार, बंद खोली, पंखा बंद, वर गोधडी. कॉम्प्युटरचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावरचा छोटा पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. बाहेर जायला वाटच नसली तर तीच गरम हवा आत फिरत राहते. उष्णता हाताबाहेर गेली की स्वतःला जळण्यापासून वाचवायला मशीन बंद होतं. ते बिघडत नव्हतं, जीव वाचवत होतं. आणि दुकानात का चालायचं? तिथे ते पंख्याखाली, उघड्या टेबलावर ठेवलेलं होतं.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. मागची पिन काढायची, डब्याच्या बाजूचा पत्रा स्क्रू काढून उघडायचा, डबा मोकळ्यावर ठेवायचा, समोर टेबलफॅन लावायचा आणि मग पिन लावून तेच काम तेवढाच वेळ करून बघायचं. लहान पोरांना लांब ठेवा आणि चालू असताना आत बोट घालू नका. बंद पडला नाही तर समजा, उष्णताच होती. आमचा दोन तास चालला. बंद पडला नाही.

आत पाहिलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा थर बसलेला, बोटभर जाड. कापसाची खोली ना ती! आपल्या खानदेशात घरोघरी कापूस असतो, त्यात चुलीचा धूर आणि मातीची धूळ. म्हणून आपल्याकडचा कॉम्प्युटर वर्षातून दोनदा साफ करायलाच हवा, एकदा आखाजीच्या आधी आणि एकदा वेचणी संपल्यावर.

साफ करायची रीत अशी. कॉम्प्युटर बंद करा, पिन बोर्डातून काढा, पाच मिनिटं थांबा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रंगाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्या. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा आणि मग झटका. ओलं फडकं नको. आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच. जिथे मागची पिन लागते ती लोखंडी वीजपेटी, एसएमपीएस म्हणतात तिला, ती कधीही उघडायची नाही. पिन काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. बाहेरून ब्रश फिरवा, बस.

प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मध्ये एक मलम असतं, थर्मल पेस्ट. मशीन जुनं असेल तर ते वाळून जातं. ते बदलायचं काम आम्ही माहीतगाराकडून करून घेतलं, तुम्हीही तसंच करा. पंख्याच्या आवाजाचं काय केलं? डबा टेबलाखालून काढून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला, माईकची पाठ त्याच्याकडे केली आणि मध्ये एक गोधडी दोरीवर टांगली, डब्यापासून हातभर लांब. आवाजही अडला आणि हवाही खेळती राहिली. रेकॉर्डिंग आता सकाळी लवकर करतो. म्हाताऱ्या बायांनाही सकाळच बरी पडते.

आता संध्याकाळच्या दोन नोंदी. डबा थंड, तरी स्क्रीन एकदम काळी. चौथ्या रकान्यात एकदा लिहिलं होतं, 'लाईट डीम झाली, चक्की सुरू.' दुसऱ्यांदा लिहिलं होतं, 'कूलर लावला.' म्हणजे काय तर मोठी मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि तेवढ्या क्षणापुरता व्होल्टेज खाली बसतो. आपल्या घरी २३० व्होल्ट यायला हवेत. एका डीपीवर जास्त घरं आणि चक्की असली की संध्याकाळी ते पुष्कळ खाली जातात, हे तुम्हाला बल्ब बघूनच कळतं.

पण आमच्याकडे इन्व्हर्टर होता. मग कॉम्प्युटर बंद का पडावा? हे कोडं गावच्या वायरमनदादांनी सोडवलं. ते म्हणाले, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. डोळ्याला तो दिसत नाही, सेकंदाचा लहानसा तुकडा. पंखा तेवढ्यात थांबत नाही, आपल्या वेगाने फिरत राहतो. बल्ब जरा फडफडतो. पण कॉम्प्युटरला तेवढीही फट सोसत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे एक छोटं बटन असतं, एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. यूपीएसवर ठेवलं की तो लवकर बॅटरीवर येतो. आमचं बटन घेतल्या दिवसापासून नॉर्मलवर होतं. दादांनी ते सरकवलं, झालं काम.

मात्र एक लक्षात घ्या. यूपीएसवर ठेवलं की व्होल्टेज जरासा खाली गेला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज कमीच, म्हणून बॅटरी लवकर उतरते. तेव्हा तिच्यातलं डिस्टिल्ड वॉटर वेळेवर बघत जा. इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. यूपीएस आहे पण तरीही मशीन बंद पडतंय, तर यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली असेल. ती तपासायला कॉम्प्युटर लावू नका, टेबललॅम्प लावा आणि भिंतीवरचं बटन बंद करा. दिवा लगेच विझला तर बॅटरी संपली.

वायरमनदादांनी अजून दोन गोष्टी काढल्या. आमची पिन बोर्डात सैल बसत होती, आत ठिणगी पडून प्लास्टिक काळं झालं होतं. तो बोर्ड बदलला. दुसरं, त्या खोलीला अर्थिंगच नव्हतं. तिसऱ्या जाड पिनेची वायर कुठेच जोडलेली नव्हती. आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बारीक घुंईं आवाज यायचा, तो आम्ही माईकचा दोष समजत होतो. अर्थिंग केल्यावर तोही गेला. बहिणींनो, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर रेकॉर्डिंग राहू द्या बाजूला, आधी अर्थिंग करून घ्या. तो जिवाशी खेळ आहे. आणि बोर्ड-वायरिंगचं काम स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

राहिली रात्रीची एक नोंद. एक लांबलचक रेकॉर्डिंग साफ करायला लावून आम्ही झोपलो, सकाळी बघतो तर काम अर्धवट आणि मशीन नव्याने चालू झालेलं. हे होतं अपडेट. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात. आपण कामाचे तास सांगितले की त्या वेळात तो आपोआप रिस्टार्ट होत नाही. मोठं काम लावायचं असेल तर आधी काही दिवस अपडेट थांबवता येतं. पण कायमचं बंद करू नका, त्यातच सुरक्षेची दुरुस्ती असते. आम्ही महिन्यातला एक दिवस ठरवलाय. बैठकीच्या दिवशी अपडेट करायचं, म्हणजे विसरत नाही.

तुमच्यात कुणी शिकलेली पोरगी असेल तर तिच्यासाठी एक खूण सांगते. विंडोज स्वतःची वही ठेवतं, तिचं नाव 'इव्हेंट व्ह्यूअर'. स्टार्टमध्ये हे नाव लिहिलं की उघडतं. त्यात 'विंडोज लॉग्स' आणि मग 'सिस्टीम'. बंद पडलेल्या वेळेसमोर '१०७४' हा आकडा दिसला तर कुणीतरी सांगून रिस्टार्ट केलंय, माणसाने किंवा अपडेटने. 'कर्नल पॉवर' आणि '४१' दिसला तर मशीन नीट बंद न होता अचानक बंद झालं. पण ४१ म्हणजे अमुकच भाग गेला, असं नाही. का बंद झालं हे तो सांगत नाही, एवढंच सांगतो की झालं. आमच्या एका दुकानदाराने तोच आकडा दाखवून मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं होतं. कारण शोधायला आपली वहीच लागते.

निळी स्क्रीन येत असेल आणि वाचायच्या आत निघून जात असेल, तर सिस्टीमच्या सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' मध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरची खूण काढा. मग स्क्रीन थांबते, फोटो काढता येतो. माईकची पेटी जोडल्यावरच निळी स्क्रीन येत असेल तर त्या पेटीचा ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून नव्याने घ्या. रॅमचा संशय असेल तर ती काढून पुसून परत घट्ट बसवून बघावी. उष्णता नाही, लाईट ठीक, अपडेट नाही, निळी स्क्रीन नाही, तरी काळी होते, तर वीजपेटी म्हातारी झाली असेल. माहीतगाराकडून दुसरी चांगली पेटी लावून बघावी. ती बदलली म्हणजे सगळा कॉम्प्युटर बदलायची गरज नसते.

आणि काही केलं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला. मग तीन-चार दिवस वही बघा. भाजी खारट झाली म्हणून आपण बटाटा, दही, पाणी सगळं एकदम टाकलं तर कशाने सुधारली ते कळत नाही. तसंच आहे हे.

आमचा एकूण खर्च किती झाला? ब्रश, पेस्ट, बोर्ड, अर्थिंगचं सामान आणि दादांची मजुरी धरून दीड हजाराच्या आत. अडतीस हजार गटाच्या खात्यात राहिले असं मी म्हणणार नाही, कारण ते नव्हतेच! पण कर्ज तर निघालं नाही. प्रत्येकीचं एवढ्यावर भागेल असंही नाही. एखाद्या मशीनचा मदरबोर्ड खरंच गेलेला असतो. पण आधी वही, मग दुकान. वही घेऊन दुकानात गेलं की दुकानदारही वेगळ्या पद्धतीने बोलतो, हा आमचा अनुभव आहे.

आता आत्यांच्या गाण्यांचं सांगते आणि थांबते.

पावसाळा लागल्यावर, कानबाईच्या आधी, आम्ही आत्यांना पुन्हा बोलावलं. सकाळची वेळ, थंड खोली, मशीन एकदाही अडलं नाही. पण त्यांची मैत्रीण लेकीकडे सुरतला गेली होती, कायमची. दुसरी ओळ उचलणारं कुणी नव्हतं. आत्यांना तीन गाणी आठवली. दोनांच्या सुरुवातीपाशी त्या पुन्हा पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, "आते याद येत नही वं." सुरतला फोन लावून दिला, दोघी पुष्कळ बोलल्या, हसल्या, रडल्या. पण गाणी आली नाहीत. ती झोक्यावर, दोघींच्या तोंडून येणारी गाणी होती.

आपल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली. कुणीतरी कागद-पेन घेऊन जवळ होतं म्हणून आज ती महाराष्ट्राच्या तोंडी आहेत. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता आपल्या हातात माईक आहे. पण माईकमध्ये गेलेलं सांभाळलं नाही तर ते वाऱ्यावर गेल्यासारखंच.

म्हणून आमच्या खोलीच्या दारावर आम्ही चार ओळी लिहून लावल्यात. रेकॉर्डिंग करताना शेजारी एक मोबाईलही रेकॉर्डिंगला ठेवायचा, विमान मोडवर टाकून. प्रत्येक गाण्यानंतर थांबून सेव्ह करायचं, चाळीस मिनिटं एकदम घ्यायची नाहीत. त्याच दिवशी एक प्रत पेनड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या घरी. आणि चौकट आली तर आधी फोटो, मग बटन.

आत्यांची तीन गाणी तुम्ही याच रेडिओवर ऐकली असतील. तुमच्या गावात आखाजीची गाणी येणारी कुणी आजी असेल, तर पुढच्या आखाजीची वाट पाहू नका. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईल घ्या आणि तिच्याजवळ बसा. तिच्याबरोबर दुसरी ओळ म्हणणारी मैत्रीण असेल तर तिलाही बोलावून घ्या.